खाण तशी माती, पण माती बदलली तर?

परदेशात दुधाचे पाट वाहवणाऱ्या गाईची लेक आपल्या गोठ्यात का कोमेजते? सुंदरबनच्या दलदलीतल्या चिमुकल्या मेंढीचा एक जनुक ऑस्ट्रेलियाच्या कुरणांत फारसा पसरला नाही, मग तो फलटणच्या माळावर कसा रुजला? रक्त मोठे की राहणीमान, हा वाद माणसांच्या बाबतीत कधी मिटणार नाही. जनावरांच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांनी त्याचे बरेचसे उत्तर शोधले आहे, आणि ते प्रत्येक दूधवाल्याच्या, मेंढपाळाच्या आणि सकाळी दुधाची पिशवी आणणाऱ्या आपल्या सर्वांच्या कामाचे आहे.

समजा, एकाच नामांकित वळूच्या रेतमात्रेपासून दोन कालवडी जन्मल्या. त्यांतली एक हरियाणातल्या मोठ्या गोठ्यात वाढली. डोक्यावर पंखे, अंगावर पाण्याचे फवारे, समोर हिरवी वैरण आणि मोजून दिलेले खुराक. दुसरी गेली मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याकडे. तिथे पत्र्याचे छप्पर, उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढ्या, आणि पाणी मिळेल तेवढे. पहिली भरपूर दूध देईल, दुसरी कमी देईल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. चांगले खाल्ले की चांगले दूध, एवढे कुणालाही कळते.

आता त्या दोन्ही गोठ्यांत आणखी एका वळूच्या लेकी आणून बांधा. हा वळू मध्यम प्रतीचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. हरियाणातल्या गोठ्यात नामांकित वळूची लेक त्याच्या लेकीच्या पुढे राहते. मराठवाड्यात मात्र उलटे होते. नामांकित वळूची लेक उन्हाने धापा टाकते, गाभण राहत नाही, गोचीड तापाने आजारी पडते. मध्यम वळूची लेक मात्र बेताचे का होईना, रोज दूध देत राहते. म्हणजे जागा बदलली आणि पहिला नंबर दुसऱ्याचा झाला. पशुशास्त्रज्ञ ज्याला जनुक आणि पर्यावरण यांची आंतरक्रिया म्हणतात, ती हीच. सगळ्यांचे दूध सारखेच घटले तर ती आंतरक्रिया नव्हे. क्रम बदलला, अंतर बदलले, तर ती आंतरक्रिया.

गोष्ट साधी दिसते. पण ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून गाय घेतली, त्याच्यासाठी हप्ता फिटणार की गाय विकावी लागणार, हे याच साध्या गोष्टीवर ठरते.

केंब्रिजचा सल्ला, एडिंबरोचे उंदीर

जनावरांची निवड कुठे करावी, हा वाद पाऊणशे वर्षांचा आहे. १९४७ मध्ये केंब्रिजचे नामवंत पशुशास्त्रज्ञ जॉन हॅमंड यांनी मत मांडले की, उत्तम जनावर निवडायचे असेल तर ते उत्तम परिस्थितीत वाढवूनच निवडावे. भरपूर खाऊ घातले, तरच अंगात दडलेले गुण बाहेर येतात. उपाशी जनावरात कोण गुणी आणि कोण नाही, हे कळणार कसे? मत तर्काला धरून होते. जगभरच्या सरकारी फार्मांवर तसेच होत आले होते.

पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, एडिंबरोचे डग्लस फाल्कनर यांनी त्याला वेगळी बाजू दाखवली. त्यांचे म्हणणे असे की, भरपूर खाण्यावरची वाढ आणि अपुऱ्या खाण्यावरची वाढ हे एकच गुण आहेत असे आपण गृहीत का धरतो? ते दोन वेगळे गुण माना आणि त्यांचे एकमेकांशी आनुवंशिक नाते किती जवळचे आहे ते मोजा. नाते अगदी घट्ट असेल तर आकडा एक येईल. मग कुठेही निवड केली तरी चालेल. आकडा जसजसा खाली येईल, तसतशी एका ठिकाणची निवड दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरत जाईल. १९५९ मध्ये त्यांचे सहकारी ॲलन रॉबर्टसन यांनी एक व्यावहारिक मर्यादाही सुचवली. हा आकडा ०.८ च्या खाली गेला, तर ती आंतरक्रिया दुर्लक्ष करण्याजोगी नाही, असे समजावे. पशुपैदाशीच्या शास्त्रात ही फूटपट्टी आजही वापरली जाते.

फाल्कनर यांनी नुसते गणित मांडले नाही, उंदरांवर प्रयोगही केले. एका गटाची निवड भरपूर खाण्यावर, दुसऱ्या गटाची तुटपुंज्या खाण्यावर. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. तुटपुंज्या खाण्यावर निवडलेल्या उंदरांची प्रगती भरपूर खाण्यावरही टिकली. भरपूर खाण्यावर निवडलेल्या उंदरांचा फायदा मात्र तुटपुंज्या खाण्यावर हळूहळू दिसेनासा झाला. जे जनावर ज्या घरात नांदायचे आहे, त्याची परीक्षा त्याच घरात घ्यावी, असा या प्रयोगाचा सरळ अर्थ होता.

आज दुधाच्या गाईंचे रेत जगभर हवाई मार्गाने फिरते. म्हणून १९८३ मध्ये इंटरबुल ही संस्था स्थापन झाली. तिचे केंद्र स्वीडनमधल्या उप्साला येथे आहे. वळूंच्या लेकींच्या दुधाच्या नोंदी देशोदेशींहून तिथे येतात. गंमत अशी की, ही संस्था वळूंची एकच जागतिक यादी लावत नाही. प्रत्येक देशासाठी वेगळी यादी असते. घरात बांधून खाऊ घालणाऱ्या देशांत अव्वल ठरलेला वळू न्यूझीलंडच्या कुरणात चरणाऱ्या गाईंसाठी तितकाच अव्वल असेलच असे नाही. थंड आणि संपन्न देशांमध्येही जर क्रम बदलत असेल, तर आपल्या उन्हाची आणि आपल्या कडब्याची कथा काय सांगावी!

संकरित गाईने दिलेला धडा

भारताने हा धडा अनुभवातून घेतला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे रेत वापरून गावठी गाईंचा संकर सुरू झाला. पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बायफ ही संस्था स्थापन केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने करण फ्राईज आणि करण स्विस तयार केल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिघींचे रक्त एकत्र आणून ‘फुले त्रिवेणी’ घडवली. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे १९ कोटी गाईबैलांपैकी पाच कोटींहून अधिक विदेशी किंवा संकरित होते. संकरित गाईने असंख्य घरांची चूल पेटती ठेवली, मुलांच्या फिया भरल्या, हे कुणीही नाकारणार नाही.

पण मग लोकांना वाटू लागले, निम्मे विदेशी रक्त असताना एवढे दूध, तर पाऊण केले तर किती मिळेल? पुन्हा पुन्हा विदेशी रेत वापरले गेले. इथे हिशेब चुकला. १९८७ मध्ये कनिंगहॅम आणि सिरस्टाड या दोघा शास्त्रज्ञांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी उष्ण देशांतल्या संकर प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. विदेशी रक्त निम्म्यापर्यंत वाढते तोवर दूधही वाढत जाते. त्यापुढे दुधात फारशी भर पडत नाही, असे त्यात दिसले. खाण्याचा, औषधांचा आणि सांभाळाचा खर्च मात्र वाढतच जातो.

असे का? पहिल्या पिढीत दोन दूरच्या जातींच्या मिलनाने जो जोम येतो, तो पुढच्या पिढ्यांत ओसरतो, हे एक कारण. दुसरे कारण हवामानाचे. होल्स्टीन गाईला साधारण २५ अंशांच्या वर तापमान गेले की त्रास सुरू होतो. ती भराभर श्वास घेते, खाणे कमी करते. कारण रवंथ करताना आणि दूध तयार करताना शरीरात उष्णता निर्माण होते, आणि ती बाहेर टाकायला जागा उरत नाही. आपल्या वशिंडवाल्या गाईंची चयापचयाची उष्णताच कमी, घाम येण्याची क्षमता अधिक आणि केस आखूड. गोचिडांनी पसरणाऱ्या थायलेरिया रोगालाही साहिवालसारख्या जाती अधिक धीराने तोंड देतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात तर थेट भ्रूणांवरच प्रयोग झाले. प्रयोगशाळेत ४१ अंश तापमानात ठेवल्यावर वशिंडवाल्या जातींचे भ्रूण होल्स्टीनच्या भ्रूणांपेक्षा अधिक तग धरतात, असे आढळले. म्हणजे उन्हाशी झुंजण्याची शिदोरी त्यांना गर्भात येतानाच मिळालेली असते.

गीर निघाली ब्राझीलला

याउलट एक गोष्ट घडली ती समुद्रापार. सौराष्ट्राची गीर गाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्राझीलला जाऊ लागली. शेवटची मोठी खेप १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गेली. ब्राझीलच्या पशुपालकांनी तिला नुसते पुजले नाही, तिची नोंद ठेवली. १९८५ पासून तिथे दुधाळ गीर वळूंची शास्त्रशुद्ध लेक-चाचणी सुरू झाली. वळूच्या लेकी वेगवेगळ्या गोठ्यांत किती दूध देतात ते मोजायचे, आणि मगच त्या वळूला मोठे म्हणायचे. ही सारी परीक्षा ब्राझीलच्याच उष्ण हवेत, तिथल्याच गवतावर झाली. गीर आणि होल्स्टीन यांच्या संकरातून निघालेल्या गिरोलांडो जातीला १९९६ मध्ये तिथल्या सरकारने मान्यता दिली. ब्राझीलच्या दुधाचा मोठा भाग आज तिच्यापासून येतो.

आपल्याकडून गेलेलेच बीज तिकडे फुलले, हे ऐकून आपल्याकडे हळहळ व्यक्त होते. आता तेच रेत परत आणावे, अशी चर्चाही होते. पण इथेही फाल्कनरांची फूटपट्टी विसरता येणार नाही. ब्राझीलच्या कुरणावर आणि तिथल्या खुराकावर पहिली आलेली गीर जुनागढच्या किंवा नाशिकच्या गोठ्यातही पहिलीच येईल, हे मोजल्याशिवाय कसे सांगणार? देशी म्हटले की आपोआप चांगले, किंवा विदेशी म्हटले की आपोआप चांगले, ही दोन्ही विधाने सारखीच घाईची आहेत.

दलदलीतली मेंढी

जनुक आणि परिस्थिती यांची सर्वांत सुंदर कहाणी मात्र गाईची नाही, मेंढीची आहे. आणि तिचा शेवटचा अध्याय महाराष्ट्रात लिहिला गेला.

पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागात गारोल नावाची मेंढी आहे. अंगाने अगदी लहान. पूर्ण वाढलेल्या मेंढीचे वजनही जेमतेम दहा ते पंधरा किलो. खाऱ्या दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून ती गवत खाते. दिसायला काहीच विशेष नाही. पण ती एका वेळी दोन, कधी तीन कोकरे देते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९२-९३ च्या सुमारास, कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. तिथे लोकरीच्या मेरिनो मेंढ्या आल्या, आणि बंगाली रक्त त्यांच्यात विरून गेले. सारे त्यांना विसरले. पुढे दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या बूरूला नावाच्या एका फार्मवर काही मेरिनो मेंढ्या सारख्या तिळी-चौळी देऊ लागल्या. फार्मच्या मालकांनी अशा मेंढ्या मुद्दाम जपल्या. १९५८ मध्ये त्यांनी पाचव्या जोडीदारासह जन्मलेला, म्हणजे पाच भावंडांतला एक मेंढा तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेला भेट दिला आणि अभ्यास सुरू झाला.

१९८० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की हा अनेक जनुकांचा खेळ नाही, एकाच मोठ्या जनुकाचा आहे. त्याला ‘फेक-बी’ हे नाव मिळाले. २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तीन गटांनी त्यातला नेमका बदल शोधून काढला. बीजांडकोशाला संदेश पोहोचवणाऱ्या एका प्रथिनात फक्त एक अमिनो आम्ल बदललेले असते. त्यामुळे बीजांडे लहान असतानाच, आणि एकाऐवजी अनेक, पक्व होतात. पुढच्याच वर्षी तपासणी झाली तेव्हा तोच बदल गारोलमध्ये सापडला. बूरूलाच्या मेंढ्यांची पणजी बंगालचीच होती, हा अंदाज खरा ठरला.

मग ऑस्ट्रेलियाने या जनुकाचे सोने केले का? नाही. तिथे हजारो एकरांच्या कुरणांत मेंढ्या सोडलेल्या असतात. व्यायला आलेल्या मेंढीजवळ माणूस नसतो. तीन-चार अशक्त कोकरे जन्मली तर त्यांतली बरीचशी थंडीने आणि उपासमारीने दगावत. जास्त जन्म झाले तरी कळपात जास्त कोकरे वाढलीच असे नाही. इस्रायलमध्ये मात्र चित्र उलटे. तिथे अवासी आणि असाफ जातींत हाच जनुक आणला गेला. मेंढ्या गोठ्यात, खुराक मोजून, गरज पडली तर कोकरांना बाटलीने दूध. अवासी मेंढी पूर्वी एका वेतात सरासरी सव्वा कोकरू देई, जनुक आलेल्या मेंढ्यांत ही सरासरी जवळपास दोनवर गेली, आणि कोकरे जगलीही. जनुक तोच, पण एका देशात ओझे ठरला आणि दुसऱ्या देशात कमाई.

फलटणचा प्रयोग

सातारा जिल्ह्यातल्या फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली होती. १९९० च्या दशकात त्यांचे लक्ष सुंदरबनच्या मेंढीकडे गेले. दख्खनच्या माळावर धनगर समाज दख्खनी मेंढी पाळतो. काटक, उन्हाला आणि लांबच्या चालीला सरावलेली ही मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. लोकरीला भाव उरला नव्हता, घोंगड्यांची मागणी आटत चालली होती. मेंढपाळाचे उत्पन्न म्हणजे तीन-चार महिन्यांची कोकरे विकून मिळणारा पैसा. कोकरे वाढली, तरच घर चालणार.

गारोल मेंढी तशीच्या तशी आणून भागणार नव्हते. तिचा देह लहान, कोकरे हलकी, आणि कोरड्या माळाची तिला सवय नाही. हवा होता तिचा फक्त एक जनुक, दख्खनी मेंढीच्या अंगात. त्यासाठी गारोल मेंढ्याचा दख्खनी मेंढीशी संकर करायचा, जनुक मिळालेली पिल्ले निवडायची, त्यांचा पुन्हा मोठ्या जातींशी संकर करायचा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. या कामाची धुरा बनबिहारींची कन्या आणि इरावती कर्वे यांची नात डॉ. चंदा निंबकर यांनी सांभाळली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ सोबतीला होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रक्ताच्या थेंबातून जनुकाची चाचणी होऊ लागली. पूर्वी मेंढी दोन-तीनदा व्याल्याशिवाय तिच्यात तो गुण आहे की नाही हे कळत नसे, आणि मेंढ्याच्या बाबतीत तर त्याच्या लेकी व्याईपर्यंत थांबावे लागे. आता कोकराचे रक्त तपासले की झाले. यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली.

या प्रयोगाचे मोल असे की, शास्त्रज्ञ संस्थेच्या फार्मवर थांबले नाहीत. जनुक असलेली जनावरे मेंढपाळांच्या कळपात गेली आणि खरी परीक्षा तिथे झाली. दख्खनच्या मेंढीत एक प्रत असली, तर बहुधा जुळी होतात, चार-पाच कोकरांचा भडिमार होत नाही. एका मेंढीमागे जिवंत जन्मणाऱ्या कोकरांत सरासरी अर्ध्या कोकराच्या आसपास भर पडते. दोन वेतांत एक कोकरू जादा, असा तो हिशेब. माळावरच्या मेंढीला जेवढे पेलते, साधारण तेवढेच.

तरीही परिस्थितीने आपला वाटा मागितलाच. जुळी वाढवायची तर मेंढीला शेवटच्या महिन्यात आणि व्याल्यावर थोडा खुराक हवा. हलक्या कोकराला पहिल्या दिवसांत जपायला हवे, कधी दुसऱ्या मेंढीचे किंवा शेळीचे दूध पाजायला हवे. धनगराच्या वाड्यावर हे काम बहुतेक वेळा घरची बाई करते. कळप चरायला गेला की मागे राहिलेल्या कोकरांची आई तीच. जिच्या हाती सवड आणि चारा आहे तिला जुळी म्हणजे लक्ष्मी. दिवाळीनंतर कोकणच्या वाटेवर मैलोन्‌मैल चालणाऱ्या कुटुंबाला तीच जुळी जड जाऊ शकतात. कुठला कळप, कुठली वाट, कुठला हंगाम, हे पाहूनच जनुक द्यायचा की नाही ते ठरवायला हवे, हे फलटणच्या कामातून शिकता येते.

उष्म्याची कसोटी

आता या संशोधनाचा रोख वाढत्या तापमानाकडे वळला आहे. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल जातीच्या गुरांचे केस आखूड आणि तुळतुळीत असतात. २०१४ मध्ये त्यामागचा जनुक सापडला. प्रोलॅक्टिन या दुधाशी निगडित संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनात तो बदल आहे. हा जनुक मिळालेल्या होल्स्टीन गाईंचे अंग उन्हात कमी तापते. मात्र थंड प्रदेशात आखूड केसांचा काय उपयोग? तिथे तो फायदा उरत नाही.

कोंबड्यांतही असाच एक जनुक आहे, मान उघडी ठेवणारा. त्याच्या दोन प्रती असलेल्या कोंबडीला सुमारे ४० टक्के पिसे कमी असतात. कडक उन्हाळ्यात ती पिसांच्या भरगच्च डगल्यात अडकलेल्या कोंबडीपेक्षा बरी वाढते. हवा थंड असली की हा फरक पुसला जातो.

एकेका जनुकावर विसंबून सारे काम होत नाही, कारण दूध, वाढ, गाभण राहणे या गुणांमागे हजारो लहान लहान जनुके असतात. त्यासाठी शास्त्रज्ञ हवामान खात्याच्या नोंदी आणि दूध संघाच्या नोंदी शेजारी शेजारी मांडतात. तापमान आणि आर्द्रता वाढत गेली, तर कुठल्या गाईचे दूध झपकन पडते आणि कुणाचे सावकाश, ते पाहतात. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये दुधाळ गाईंसाठी उष्णता सहन करण्याचे असे आनुवंशिक मूल्य जाहीर करायला सुरुवात केली. त्यात एक कडवट गोष्टही दिसली. जास्त दुधाचे आणि उष्णता सोसण्याचे फारसे पटत नाही. केवळ दुधासाठी निवड करत राहिलो, तर नकळत उन्हाला हळव्या गाई तयार होत राहणार.

गर्भातला उन्हाळा

परिस्थितीचा प्रभाव किती खोल जातो, हे फ्लोरिडातल्या आणखी एका अभ्यासमालिकेने दाखवले. व्यायच्या आधीचे शेवटचे सहा-सात आठवडे काही गाभण गाईंना पंखे आणि फवाऱ्यांखाली ठेवले, काहींना नुसत्या सावलीत. उन्हात तापलेल्या गाईंच्या लेकी पुढे स्वतः व्याल्या, तेव्हा त्यांनी दिवसाला दोन लिटरहून अधिक कमी दूध दिले. त्यांच्याही लेकींपर्यंत, म्हणजे नातींपर्यंत, परिणाम दिसला. जनुके तीच होती. पण कुठला जनुक किती जागा राहील आणि किती झोपेल, याच्या खुणा गर्भातच उमटून गेल्या होत्या.

आपल्याकडे आटलेल्या गाईला बहुधा गोठ्याच्या कडेला, उरलेसुरले खायला देऊन बांधले जाते. दूध देत नाही, मग तिच्यावर खर्च कशाला, असा विचार होतो. पण तीच वेळ पुढच्या दोन पिढ्या घडवण्याची असते. गाभण सुनेला जपणारे आपले घर गाभण गाईलाही जपू लागले, तर त्यात भावना आहे तसे शास्त्रही आहे.

चिपवरची गाय

२००१ मध्ये म्यूविसन, हेज आणि गोडार्ड या तीन शास्त्रज्ञांनी मांडलेल्या पद्धतीने पशुपैदाशीचा चेहरा बदलला. वासराच्या कानातून घेतलेल्या नमुन्यातले हजारो जनुकीय ठिपके एका चिपवर वाचायचे, आणि ते पुढे किती दूध देईल याचा अंदाज जन्मतःच बांधायचा. अमेरिकेने २००९ मध्ये होल्स्टीनसाठी ही पद्धत अधिकृतपणे सुरू केली. भारतानेही त्या दिशेने पावले टाकली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या वाशिम येथे देशी गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले.

पण चिप काही जादूची कांडी नव्हे. ती ज्या नोंदींवरून शिकते, तेवढेच तिला कळते. सरकारी फार्मवरच्या दुधाच्या नोंदी दिल्या, तर ती फार्मसाठीचा वळू निवडेल. दोन गाईंच्या छोट्या गोठ्यातल्या, कडब्यावरच्या, भारनियमनातल्या नोंदी दिल्या, तरच ती छोट्या शेतकऱ्यासाठीचा वळू शोधील. म्हणूनच बायफसारख्या संस्थांनी शेतकऱ्यांच्या दारात जाऊन दूध मोजण्याचे आणि त्याच गाईंची जनुकीय तपासणी करण्याचे जे काम केले, ते वरून किरकोळ दिसले तरी फार मोलाचे आहे. महिन्यातून एकदा बादली काट्यावर ठेवून आकडा लिहून घेणारा माणूस या साऱ्या विज्ञानाचा पाया आहे.

गोठ्यापर्यंत आलेले शहाणपण

या साऱ्यातून घराघरासाठी काय निघते? गाय घ्यायला गेलेल्या माणसाने फक्त ‘दूध किती देते?’ एवढेच विचारू नये. कुठे देते, काय खाऊन देते, मे महिन्यात किती देते, दरवर्षी गाभण राहते का, हेही विचारावे. रेतन करणाऱ्याकडे ‘सर्वांत भारी’ वळू मागण्यापेक्षा आपल्या गोठ्याला साजेसा वळू मागावा. पाणी, चारा आणि डॉक्टर हाताशी असेल तर जास्त विदेशी रक्त पेलते. नसेल तर निम्म्यावर थांबणे शहाणपणाचे. आणि जिथे पाऊस झोडपून काढतो त्या इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरात डांगी, जिथे ऊन रखरखते त्या मराठवाड्यात लाल कंधारी आणि देवणी शेकडो वर्षे का टिकल्या, याचाही विचार करावा. पाऊस, ऊन आणि दुष्काळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेली परीक्षा त्या पास झालेल्या आहेत. अशी जात एकदा नष्ट झाली की तिच्यातले जनुक पुन्हा कुठून आणणार? सुंदरबनच्या गारोलकडे क्षुल्लक म्हणून पाहिले गेले असते आणि ती संपली असती, तर फलटणच्या माळावर जुळी कोकरे बागडली नसती.

आपले वाडवडील म्हणत, खाण तशी माती. ते खोटे नाही. पण त्याच मातीतून कुंभाराने काय घडवले, आणि ते कुठल्या भट्टीत भाजले, यावर मडके टिकणार की तडकणार हे ठरते. जनावर विकत घेताना आपण खाण पाहतो, तिची किंमतही मोजतो. भट्टी मात्र आपल्याच अंगणात असते, आणि तिच्याकडे बघायला पैसे पडत नाहीत.